कोण कसं शोधतं

माझी सून विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "वा, म्हणजे दिवसभर पुस्तकं वाचायला मिळत असतील." परवा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हेच म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हो ना, आणि बँकेतली माणसं दिवसभर नोटा उडवत असतील." घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "शेजाऱ्यांशी जरा गोड बोलावं." मी म्हटलं, गोड बोलायला तुम्ही आहात की. मी आहे ही अशी आहे, आणि सुनेच्या बाबतीत जरा जास्तच आहे.

तर ती काय करते ते आधी सांगते. लायब्ररीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला तिचं टेबल आहे. टेबलावर कॉम्प्युटर, समोर दोन खुर्च्या, आणि एक लाकडी पाटी: 'विचारा'. विद्यापीठात संशोधन करणारे सगळे, मग ते नुकते लागलेले असोत की केस पांढरे झालेले, कुठं अडले की त्या खुर्चीत येऊन बसतात. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते कॉम्प्युटर सांगतो. ही सांगते ते वेगळं. तुला जे हवंय ते जगात कोणी लिहून ठेवलंय का, आणि ठेवलं असलं तर तिथं जायचा रस्ता कुठला, हे ती सांगते. स्वतः फार बोलत नाही. समोरच्याला बोलतं करते.

हे काम मला कळतं, कारण मीही तेच केलं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, चौकशीवर. तेव्हा कुणाला कुणाचा नंबर हवा असला की आम्हाला फोन यायचा. आणि माणसं काय सांगून नंबर मागायची म्हणून सांगू? "स्टेशनजवळचा तो दातांचा डॉक्टर हो, टक्कल आहे बघा." एवढ्यावरून डॉक्टर शोधायचा. कानाला हेडफोन, समोर डिरेक्टरीचे ठोकळे, मागे सुपरवायझर. आणि एक सक्त नियम: आपलं नाव सांगायचं नाही. प्रत्येकीला नंबर होता. मी सतरा. "नमस्कार, चौकशी, सतरा." असं मी किती वेळा म्हटलं असेल याला गणतीच नाही, झोपेतसुद्धा म्हणायची असं हे सांगतात.

एकदा एका माणसाची बायको प्रवासात आजारी पडून कुठल्याशा गावच्या दवाखान्यात होती. गावाचं नाव त्याला धड माहीत नव्हतं. मी या एक्स्चेंजला विचार, त्या एक्स्चेंजला विचार, असं करत त्याला त्या दवाखान्याशी जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, बायको बरी आहे म्हणाला, आणि तुमचं नाव काय म्हणाला. सुपरवायझर मागेच उभी. मी म्हटलं, सतरा. तो म्हणाला, "सतराबाई, फार उपकार झाले." मी हसले तेव्हा, पण ते कुठंतरी राहिलं मनात.

असो. गाडी सुनेवर आणते.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा माझं स्वयंपाकघर म्हणजे माझं राज्य. कुठल्या डब्यात काय आहे ते मला सोडून देवालाही माहीत नव्हतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सकाळी लवकर जातो, त्याच्या डब्यासाठी ही पहाटे स्वयंपाकघरात. दुसरी कोणी असती तर 'आई, साखर कुठंय, आई, मीठ कुठंय' करून माझी झोपमोड केली असती. हिनं एका संध्याकाळी मला विचारलं, "आई, तुम्हाला साखर लागते तेव्हा तुमच्या हातात काय असतं?" मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला? पातेलं असतं, चहाचं. "आणि उभ्या कुठं असता?" शेगडीपाशी. "मग साखर शेगडीच्या डाव्या हाताला असणार, उजव्या हातात पातेलं असतं म्हणून." आणि तिनं हात लांब करून डबा काढला. मी चाटच पडले. रात्री ह्यांना म्हटलं, ही पोरगी एक्स्चेंजमध्ये असती तर माझी खुर्ची गेली असती.

आता खरी गोष्ट. पाचेक वर्षांपूर्वी विद्यापीठानं ठरवलं की लायब्ररीत सगळ्यांसाठी एकच शोधयंत्र आणायचं. एक चौकोन, त्यात शब्द टाकायचा, उत्तर घ्यायचं, मग तुम्ही डॉक्टर असा नाहीतर इतिहासाचे असा. वरचे लोक म्हणाले, पळसाला पाने तीनच, शोधणं म्हणजे शोधणं. सुनेनं मीटिंगमध्ये हात वर करून सांगितलं की प्रत्येक विषयाची माणसं वेगळी शोधतात. "पुरावा आहे?" असं कोणीतरी विचारलं. पुरावा नव्हता. नुसती समोरच्या खुर्चीत बसलेली माणसं होती, रोजची. ती घरी आली ती तणतणत नाही हो, ती तणतणत नाही कधी, पण भांडी जरा जोरात ठेवत होती. चार दिवसांनी म्हणाली, "आई, मी पीएचडीला नाव घालते. विषय हाच."

तेव्हा ती चाळिशीच्या पुढे होती. माझी नात शाळेत, घर, नोकरी. माझ्या नणंदेनं म्हटलंच, "आता या वयात?" मी म्हटलं, तू या वयात पोहायला शिकतेस ते चालतं का?

तिचे गाइड सर भला माणूस, पण सावध. ताकसुद्धा फुंकून पिणारा. ते म्हणाले, प्रश्नावली वापर. त्यांच्या विषयात एक नामांकित बाई आहेत, दुसऱ्या शहरातल्या, त्यांनी तयार केलेली एक प्रश्नावली आहे, संशोधक माहिती कशी शोधतात याची. सगळे तीच वापरतात. ती पाठवायची, भरून आली की बेरीज-वजाबाकी करायची, प्रबंध लिहायचा. हिनं सगळ्या विभागांना पाठवली. काहींना कॉम्प्युटरवरून, जुन्या प्राध्यापकांना कागदावर. कागद परत यावेत म्हणून ती विभागाविभागांतून हिंडायची, जेवणाच्या सुट्टीत. दोन वर्षं यात गेली. शेवटी गठ्ठा जमला. त्या रात्री पोरीसाठी आइस्क्रीम आणलं तिनं.

आणि जेवताना तिनं काही उत्तरं वाचून दाखवली. रसायनवाल्यानं लिहिलं होतं, आधी डेटाबेस पाहतो, मग नियतकालिकं. इतिहासवालीनं लिहिलं होतं, आधी डेटाबेस, मग नियतकालिकं, मग कॅटलॉग. गणितवाल्यानं तेच. डॉक्टरनं तेच. सगळे जणू एकाच आईची लेकरं.

मला हसू आलं. ही म्हणाली, "काय झालं आई?"

मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे एकदा वरून असाच कागद आला होता. तुम्ही नंबर कसा शोधता ते लिहा. आम्ही सगळ्या जणींनी काय लिहिलं? 'डिरेक्टरीतून.' मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात. खरं सांगू? डिरेक्टरी उघडायला वेळ कुणाला होता? मी सरळ शेजारच्या नऊ नंबरला कोपर मारायची. तिला निम्मं गाव पाठ. नऊला आलं नाही तर ती तीनला विचारायची. पण असं कागदावर कोण लिहितं? कागदावर माणूस जे करायला हवं ते लिहितो. जे करतो ते नाही लिहीत."

मुलगा हसला, हे हसले. ही हसली नाही. तिचा घास तसाच हातात राहिला. मग ती उठली, ताट झाकून ठेवलं, आणि खोलीत जाऊन गठ्ठा उघडून बसली. सकाळी पाहते तर गठ्ठा कपाटावर चढलेला आणि हिचे डोळे लाल. म्हणाली, "आई, तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. मी रोज या लोकांना शोधताना बघते. यातलं एकही उत्तर त्यांच्यासारखं नाही."

मुलगा माझ्यावर चिडला. "आई, तुला गप्प बसवत नव्हतं का?" मी म्हटलं, "खोटं सांगितलं का मी?" तो म्हणाला, खोट्या-खऱ्याचा प्रश्न नाही, मुदतीचा आहे. तेव्हा मला कळलं की प्रकरण काय आहे. पीएचडीच्या नोंदणीला मुदत असते. निम्मी संपली होती. नव्यानं माहिती गोळा करायची, लिहायचं, हे त्यात बसलं नाही तर नोंदणी रद्द. आणि तिच्या वयाला, नोकरी सांभाळून, पुन्हा नाव घालायला परवानगी कोण देतो? वर आणखी एक. गाइड सरांनी तिला सांगितलं, की परीक्षक म्हणून बहुतेक त्याच बाई येतील, प्रश्नावलीवाल्या. त्यांचीच प्रश्नावली अपुरी आहे असं त्यांच्याच तोंडावर सांगायचं. म्हणजे आ बैल मला मार.

मी तिला म्हटलं, "बघ बाई. आहे ते लिहून मोकळी झालीस तरी आम्ही काही बोलणार नाही." आणि ते मनापासून म्हटलं. ती म्हणाली, "मग 'विचारा'च्या पाटीमागे मी कुठल्या तोंडानं बसू?" मी फक्त सकाळचा डबा माझ्याकडे घेतला. त्या दिवसापासून मुलाचा डबा मी करते, अजूनही.

मग तिनं दुसरा रस्ता धरला. ती विभागांत जाऊन सांगायची, "मला काही विचारायचं नाही. तुम्ही काम करताना मी नुसती शेजारी बसेन." लोकांना विचित्र वाटायचं. एक जण म्हणाला म्हणे, माझी बायकोसुद्धा माझ्याशेजारी इतकी बसत नाही. पण तिला नाही म्हणायचं कसं? प्रत्येकाला तिनं कधी ना कधी खड्ड्यातून बाहेर काढलेलं.

आणि काय काय बघितलं तिनं. रोज संध्याकाळी भाजी निवडताना मला सांगायची, आणि मी टीव्ही बंद करून ऐकायची.

रसायनवाला शब्द टाकतच नाही. तो चित्र काढतो. षट्कोन, त्याला एक शेपूट, शेपटाला आणखी एक घर. कॉम्प्युटरला म्हणतो, या चित्रासारखं जगात कोणी काही बनवलंय का? एका पदार्थाला चार नावं असतात म्हणे, पण आकार एकच. नावानं शोधलं तर चुकतो, चित्रानं शोधलं तर सापडतो. त्याला तुम्ही एक चौकोन देऊन शब्द टाक म्हणालात तर तो काय कपाळ शोधणार?

इतिहासवाली बाई उलटीकडून येते. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवट उघडते, तळटिपा. या लेखकानं हे कुठून घेतलं? त्यानं ज्याच्याकडून घेतलं त्यानं कुठून घेतलं? असं मागे मागे जात शेवटी जुन्या कागदांच्या एका खोक्यापाशी पोचते. आणि त्या खोक्यात काय मिळणार ते तिला आधी माहीत नसतं. "तुम्ही काय शोधताय?" असं विचारलं तर चिडते. सापडलं की कळेल, म्हणते. मला ती बाई फार आवडली. मी जुन्या ट्रंकेत अशीच हात घालते.

कायद्याचे लोक पुढे जातात. त्यांना एक निकाल मिळाला की लगेच बघतात, यानंतर कोणत्या कोर्टानं यावर काय म्हटलं, हा अजून उभा आहे की पाडला. डॉक्टरांना वेळ नाही. दोन पेशंटच्या मधे चहा थंड होताना बघायचं, ताजं तेवढंच घ्यायचं, जुनं दिसलं की पुढे सरकवायचं. साहित्यवाले कपाटापाशी उभे राहतात, हवं ते पुस्तक काढतात आणि त्याच्या शेजारचं वाचत बसतात. आणि अर्धं काम त्या शेजारच्या पुस्तकानं होतं.

गणितवाल्यानं तर कहर केला. ही त्याच्याशेजारी अख्खा दिवस बसली. तो फळ्याकडे बघत होता. मधे खिडकीबाहेर बघितलं. दोन वेळा चहा घेतला. हिनं वही उघडी ठेवली होती ती कोरीच. निघायची वेळ झाली तेव्हा त्यानं लॅपटॉप ओढला, दोन ओळींची मेल लिहिली, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसाला, आणि म्हणाला, "झालं शोधून." ही पर्स आवरते तोवर उत्तर आलं. या प्रश्नावर काम करणारी माणसं जगात चारच आहेत म्हणे, आणि ती एकमेकांना ओळखतात.

मी म्हटलं, "बघ. नऊ नंबरला कोपर मारणं ते हेच." तेव्हा मात्र ती खूप हसली.

घरातसुद्धा तिला तेच दिसायला लागलं. ह्यांचा चष्मा हरवला की हे एकच ड्रॉवर पुन्हा पुन्हा उघडतात, जणू तिसऱ्या वेळी चष्म्याला दया येईल. मुलगा सरळ मला विचारतो. नात शेवटचा कुठं पाहिला तिथपासून सुरू करते. मी ह्यांच्या कपाळाकडे बघते, कारण बहुतेक वेळा तिथंच असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हणाली, आई, आपल्याच घरात चार विभाग आहेत.

मुदत संपता संपता प्रबंध झाला. शेवटचे महिने तिचे फार वाईट गेले. वजन उतरलं, बोलताना अर्ध्यात थांबायची. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, एक सांगायचंय. तो प्रश्नावलीचा संशय कसा आला, तिथं मी तुमचं नाव लिहिलं होतं. एक्स्चेंजची गोष्ट, सगळी. सर म्हणाले, काढून टाक. सासूचं नाव प्रबंधात बघून लोक हसतील, आणि आधीच त्या बाई येणार आहेत. मी काढलं."

मी म्हटलं, "बरं केलंस. माझं काय आहे त्यात?"

वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू. नाव कधी होतं म्हणून आता हवं होतं असं नाही, पण एकदा लिहिलं होतं आणि पुसलं हे कळल्यावर वाटलं. मी तिच्यासमोर दाखवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसला, जो आधीच पुसलेला होता.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, कोणीही जाऊन बसावं. आम्ही तिघं गेलो, मी, हे आणि मुलगा; तो कामावरून सरळ, हाताला ग्रीसचा वास. लांबट खोली, पडदा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांच्या बशा. मागच्या रांगांत मला ते सगळे दिसले. मी कोणाला भेटले नव्हते तरी ओळखलं. बाहीला खडू लागलेला तो गणितवाला. घड्याळ बघणारी डॉक्टर. इतिहासवाली बाई प्रबंधाची प्रत मागून उघडून बसली होती.

परीक्षक बाई आल्या. बारीक, ताठ, केस अगदी बारीक कापलेले. त्याच. प्रश्नावलीवाल्या. गाइड सरांनी पाण्याचा घोट घेतला.

सून उभी राहिली. मी तिला घरात रोज बघते, पण अशी कधी बघितली नव्हती. आवाज चढला नाही. रसायनवाल्याचं चित्र तिनं पडद्यावर दाखवलं, तळटिपांचा उलटा रस्ता दाखवला. गणितवाल्याची कोरी वहीसुद्धा दाखवली, तेव्हा खोली हसली आणि गणितवाला सगळ्यांत जास्त हसला. मी ह्यांच्या मांडीवर हात ठेवला होता, ती किती घट्ट धरली होती ते त्यांनी नंतर सांगितलं.

मग परीक्षक बाई बोलल्या. "तुम्ही आधी माझी प्रश्नावली वापरलीत. दोन वर्षं. मग बाजूला ठेवलीत. काय वाईट होतं तिच्यात?"

माझ्या मनात आलं, आता ही घाबरून सारवासारव करणार.

ती म्हणाली, "वाईट काही नव्हतं मॅडम. शोधायचं कसं असं संशोधकांना वाटतं, ते तुमच्या प्रश्नावलीनं अचूक सांगितलं. ते खरंच कसं शोधतात, ते शेजारी बसल्यावर कळलं. मी दोन्ही ठेवलंय. तिसरं प्रकरण तुमच्या उत्तरांचं आहे, चौथं माझ्या बघण्याचं. या दोन प्रकरणांत जे अंतर आहे, तोच माझा प्रबंध आहे."

बाईंनी पानं उलटली. मग म्हणाल्या, "मी स्वतः ती प्रश्नावली भरली असती तर डेटाबेसच लिहिलं असतं. मागच्या आठवड्यात मला एक जुना अहवाल हवा होता. मी मैत्रिणीला फोन केला." लोक हसायला लागले तशा त्यांनी हात वर केला. "थांबा. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हे पान बघा. 'कागदावर माणूस जे करायला हवं ते लिहितो. जे करतो ते नाही लिहीत.' तुमचा अख्खा प्रबंध या एका वाक्यावर उभा आहे. आणि इथं संदर्भ नाही. हे तुमचं वाक्य आहे का? असलं तर तसं सांगा. दुसऱ्या कुणाचं असलं तर त्याचं नाव कुठंय? दुसऱ्याचं वाक्य नाव न देता घेणं याला आपल्यात काय म्हणतात ते मी सांगायला नको."

मी सुनेकडे बघत होते. माझं नाव तिनं पुसलं, पण वाक्य तसंच ठेवलं होतं, माझं, शब्दाला शब्द. एक 'माझंच' म्हटलं असतं की सुटली असती. कोणाला कळणार होतं? मी तर उठून सांगणार नव्हते. मनात म्हणत होते, म्हण गं, माझं म्हण आणि मोकळी हो. पाच वर्षं घातलीस.

ती म्हणाली, "माझं नाही मॅडम. माझ्या सासूबाईंचं आहे. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीवर होत्या. जेवताना बोलल्या होत्या. नाव घालायला हवं होतं. मी घातलं नाही, ही माझी चूक आहे."

गाइड सर उभे राहिले. सावध माणूस, पण उभे राहिले. म्हणाले, "तिनं घातलं होतं. मी काढायला लावलं. मला वाटलं, लोक हसतील."

परीक्षक बाई म्हणाल्या, "हसलं का कोणी?"

कोणी हसलं नव्हतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रबंध मान्य आहे. एका दुरुस्तीच्या अटीवर. संदर्भ घालायचा. आणि नीट घालायचा." मग त्यांनी पेन उघडलं आणि खोलीभर नजर फिरवली. "त्या आल्या आहेत का?"

मुलानं मला दंडाला धरून उठवलं. मी उभी राहिले. सून पडद्यासमोर उभी होती आणि आता तिचे डोळे भरले होते, इतका वेळ न भरलेले. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. कोणाच्या पोटची कोण, आणि खोट्याचा सोपा रस्ता समोर असताना माझ्यासाठी आडवाटेनं गेली.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," परीक्षक बाई म्हणाल्या. "मला लिहून घ्यायचंय."

सवय वाईट असते. माझ्या तोंडून पहिल्यांदा "नमस्कार" निघालं, आणि पुढचा शब्द अगदी जिभेवर आला होता. तो मी गिळला. मागे सुपरवायझर नव्हती. मग मी माझं नाव सांगितलं, माझं, ह्यांचं आणि आडनाव, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, आणि बाईंनी लिहिताना एकदा वर बघितलं तेव्हा पुन्हा एकदा सांगितलं.